फाटकावरचा फ्लेक्स

मला एका जागी बसवत नाही. वर्गात तर नाहीच. परतूरहून स्कूटीवर ज्या गावात मी शिकवायला जाते, तिथली मुलं म्हणतात, मॅडम वर्गात आल्या की फळासुद्धा हलतो. म्हणोत. मुलांच्या चित्रकलेच्या वहीतलं तेच ते झाड आणि तोच तो हसरा सूर्य बघून मला वीट आला होता, म्हणून सातवीला मी पर्यावरणाची पोस्टरं शाळेच्या टॅबवर करायला लावली.

आठ दिवसांनी पोस्टरं आली आणि मी कपाळावर हात मारला. डिझाइन म्हणून या मुलांनी जन्मात एकच गोष्ट पाहिलेली, चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यामुळे 'प्लास्टिक टाळा'च्या मागे सोनेरी किरणं, वर फुगे, आणि खाली गोल चौकटींत वर्गातल्या दहा जणांचे फोटो. 'शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ.' एकानं नदीच्या डोक्यावर मुकुट ठेवला होता. बाकी सगळं इंटरनेटवरून उचललेलं. बर्फाचे डोंगर! आमच्या कापसाच्या तालुक्यात!

मी चिडले, आणि चिडले की मी फार बोलते. "आपल्या घरातलं दाखवा. आपल्या शेतातलं दाखवा. जसं आहे तसं. खोटं काही चालणार नाही," असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं.

पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीनं ते मनावर घेतलं. एरवी तिचा आवाज हजेरीपुरताच ऐकू यायचा. तिच्या पोस्टरमधल्या फोटोत एक निळी भिंत होती, भिंतीवर हातानं काढलेला पोपट, आणि खाली पाच लिटरची हिरवी कॅन. कपाशीवर फवारायच्या औषधाची. तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलेलं, पण एका बाजूनं सरकलेलं, आणि तिथून विषाचा लाल त्रिकोण दिसत होता. खाली एवढंच लिहिलं होतं: 'यातलं औषध संपलं. आता यात आमचं पाणी असतं.'

वर्गाला विचारलं, अजून कुणाच्या घरी असं आहे? सगळे हात वर. कॅन राखेनं घासायची, गोणपाट गुंडाळून भिजवायचं आणि पाणी भरून शेतात न्यायची. दुपारपर्यंत पाणी गार राहतं.

तीन दिवसांनी पालक मेळावा होता. मला कुठला धीर! परतूरला जाऊन मी ते पोस्टर मोठ्ठं छापून आणलं आणि शाळेच्या फाटकावर स्वतः बांधलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तिच्या घरच्यांना एकदा विचारलं का?" मी म्हटलं, "सर, नाव कुठं टाकलंय त्यावर?" ते ऑफिसात परत गेले. मला तेव्हा वाटलं, घाबरट माणूस.

पालक आले, फाटकाशी थांबले, वाचू लागले. कुणीतरी हसून म्हणालं, "हा पोपट कोन्या भिताडावरचा हाय, ते सांगाया लागतंय का?" गावात तसा पोपट एकाच बाईच्या हातचा. ती बाई, मुलीची आई, तेवढ्यात आली. तिनं वर पाहिलं, पदर पुढं ओढला आणि फाटकातूनच माघारी गेली. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडे वळले तोवर तीही निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी वर्गात कळलं की ती आईबरोबर कापूस वेचायला जाते आहे. वेचणीच्या दिवसांत सातवीतली मुलगी एकदा शेतात गेली की ती बाकावर परत येईल याची काही खात्री नसते. मी बारा वर्षं हेच बघते आहे. आणि या मुलीला मीच बाकावरून उठवलं होतं.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आईनं चटई टाकली, पाणी दिलं, तांब्यातून. मी घाईघाईनं विषाबद्दल बोलायला लागले.

"ते बराबर हाय मॅडम. कॅन तं त्याच दिशी फेकली," ती म्हणाली. "पर गावात फ्लेक्स कुणाचा लागतो? वाढदिवस असला त्याचा, न्हाई तं मेलेल्या माणसाचा. आमचा कामून लावला तुम्ही?"

मी चटईचा सुटलेला काठ दुमडत राहिले.

"अशी कॅन घरोघर हाय. मंग भिताड आमचंच का? आता पोरगी कोन्या तोंडानं साळंत यील?"

मी भिंतीकडे पाहिलं. पोपटावर चुन्याचा हात फिरवलेला होता. चोच अजून थोडी दिसत होती. मला लाज वाटली, इतकी की पाणी तसंच ठेवून मी उठले. मुलगी आतच होती, बाहेर आली नाही. शाळेत जाऊन मी फ्लेक्स उतरवला, पण उतरवून काय होणार होतं!

रविवारी तीर्थपुरीला सासरच्या शेतात गेले. डोकं ठिकाणावर नव्हतं, बांधावरून नुसत्या येरझाऱ्या घालत होते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, बस की घडीभर, पाणी तरी पी." कडुलिंबाच्या फांदीला गोणपाटात गुंडाळलेली कॅन टांगलेली होती. मी गटागटा प्यायले. कॅन परत टांगताना गोणपाट सरकलं. खाली लाल त्रिकोण.

लग्न होऊन आल्यापासून मी याच फांदीचं पाणी पीत होते. गोणपाट उचलून बघावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. आणि दुसऱ्याच्या घरावर मात्र बोट ठेवलं, तेही फाटकाएवढं.

मी तिथल्या तिथे फोटो काढला. मागे विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर सासऱ्यांनी ऑइलपेंटनं लिहिलेलं आमचं आडनाव होतं, ठळक, रस्त्यावरून वाचता येईल असं. तेही मुद्दाम घेतलं.

सोमवारी टॅब घेऊन त्या घरी गेले. मुलीला बाहेर बोलावलं आणि तिच्यापुढे फोटो धरला. "हे आमच्या घरचं. याचं पोस्टर तू कर. फाटकावर आता हे लावायचं."

आईनं टॅब डोळ्यांजवळ नेला. "तुमच्या घरी बी, मॅडम?"

"आमच्या घरी बी."

तिनं लेकीकडं पाहिलं आणि टॅब तिच्या हातात दिला.

मंगळवारी मुलगी पहिल्या बाकावर होती. मधल्या सुट्टीत सगळे बाहेर पळाले, ती टॅबवर वाकून बसली. मी मागून डोकावले. त्रिकोण जागेवर होता. खालची ओळही तीच होती. आणि ती बोटानं मागची भिंत पुसत होती, आमच्या आडनावाचं एकेक अक्षर.

"राहू दे ते," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं ना, जसं आहे तसं दाखवा."

तिनं मान वर केली नाही. "कॅन तं खरी हाय ना, मॅडम," ती म्हणाली. "मंग घर कुनाचं, ते कामून दाखवायचं?"

शेवटचं अक्षर जाईपर्यंत मी तिच्या शेजारी बसून राहिले.