मोरॅगआजींबरोबर म्हटलेली वंदना

माझ्यासारख्याने असं काही लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्या बौद्ध घरात चमत्कार मानत नाहीत. शिवाय कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे ‘अनुभव’ हा शब्द लिहितानाही अडखळायला होतं.

मी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, पर्यटन शिकत होतो. स्कॉटलंडच्या दूरच्या बेटांची सहल आखायची, तिथला निसर्ग, जुनी घरं, गेलिक भाषा, असा शेवटचा प्रोजेक्ट होता. आम्हाला तिकडे नेणार होते, पण साथ आली आणि सीमा बंद झाल्या. मग आमच्या बाईंनी मोरॅगआजींचा नंबर दिला. त्या बेटांवर वाढलेल्या, आता इथल्याच एका उपनगरात एकट्या राहत. मी त्यांना फोनवर माझा मजकूर वाचून दाखवला.

“‘मनोहारी पडकी घरं’?” त्या म्हणाल्या. “त्यातलं एक माझ्या पणजोबांचं आहे. जमीनमालकाला मेंढ्या हव्या होत्या, माणसं नको होती; त्याने सगळ्यांना घराबाहेर काढलं. तेही लिही, मेट.” इथे कुणालाही ‘मित्रा’ म्हणतात तसं.

मला ते लागलं. आमच्याही लोकांची घरं गावाबाहेर का होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी फक्त देखावा लिहिला होता.

त्याच आठवड्यात अकोल्याहून दादाचा फोन आला. बाबांना ऑक्सिजन लावला होता. बाबा एसटी डेपोत मेकॅनिक. दर रविवारी वस्तीतल्या विहारात ते वंदना सांगत आणि सगळे त्यांच्या मागून म्हणत. मला बुधवारच्या विमानात जागा मिळाली. पण गेलो असतो तर परत ऑस्ट्रेलियात येऊ देणार नव्हते, पुढच्या गुरुवारचा शेवटचा पेपर आणि पदवी सुटली असती. आई म्हणे, “पेपर दे, बाबांचंही तेच म्हणणं आहे.” बाबांशी बोलायचंय म्हटलं की, “झोपलेत रे.” मला चीड यायची, कुणाची ते कळायचं नाही.

रविवारी दुपारी मी मोरॅगआजींना फोन केला. प्रोजेक्टला उशीर होईल एवढंच सांगायचं होतं, पण सगळंच सांगून बसलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये पेटी नसते, वाजंत्री नसते; एकजण ओळ गातो, बाकीचे ती उचलतात. “चर्च बंद झाल्यापासून मी ओळ देते आणि फ्रिज उत्तर देतो. आज तू उचल.”

त्यांनी गेलिकमधली एक ओळ गायली, मी ती उचलली. अर्थ काहीच कळत नव्हता.

“तुझा आवाज ऐकून मेंढ्या पळाल्या असत्या,” त्या हसल्या. “आता तुझी दे.”

मी त्रिशरण, ‘बुद्धं सरणं गच्छामि’, सांगू लागलो, बाबांसारखं, प्रत्येक ओळीनंतर थांबत. त्या चुकतमाकत मागून म्हणत राहिल्या. तिसऱ्या वेळी माझ्या छातीतली धडधड थांबली. बाबा बरे होणार, असं मला अगदी स्वच्छ वाटलं. तीच खूण समजून मी विमानातली जागा सोडली.

ती शांतता कुठून आली, मी सांगू शकत नाही. ती मिळाली, म्हणून मी मोरॅगआजींचा ऋणी आहे. तिचा अर्थ मात्र मी माझ्या सोयीने लावला. शरण जायचं ते काही हवं म्हणून नाही, एवढं आता कळतं. कळल्याने कडूपणा जात नाही.

गुरुवारी पेपर दिला. लगेच दादाचा फोन आला.

“झाला पेपर?”

“चांगला गेला. बाबांना दे ना.”

दादा म्हणाला, “बाबा मागच्या शुक्रवारीच गेले रे. तुझा पेपर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, अशी आईने शपथ घातली होती.”