खिडकीतली माकडटोपी

सासरे गेले त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नवऱ्याने आईंना सहा महिन्यांसाठी ब्रिस्टलला आणलं. कोल्हापूरच्या घरात त्या एकट्या राहू नयेत, एवढाच आमचा विचार. इथे येऊन त्या दिवसभर काय करतील, हे आम्ही दोघांनीही मनात आणलं नव्हतं. नवरा विमानांच्या कंपनीत इंजिनिअर, मी लायब्ररीत अर्धवेळ, सहा वर्षांची मुलगी शाळेत. आई खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरशेजारी खुर्ची ओढून बसायच्या. टीव्ही लावला तर टीव्ही बघायच्या, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायच्या.

नवऱ्याने बाबांचा फोटो फ्रेम करून आणला होता. आईंनी तो हातातही घेतला नाही. "आत ठेव," म्हणाल्या. तो कपाटात स्वेटरांखाली गेला. बाबांचं नावही त्या घेत नव्हत्या, आणि आम्हीही त्यांच्यासमोर घेईनासे झालो.

मुलीच्या शाळेत डिसेंबरात ख्रिसमस फेअर असायची. आदल्या वर्षी मी स्टॉलवर रंगीत कागदाचे कंदील करून नेले होते. फेअरच्या कमिटीतली एक आई ते हातात फिरवत "हाउ इंटरेस्टिंग" म्हणाली आणि जागेवर ठेवून पुढे गेली. सगळे कंदील तसेच पिशवीत घालून मी घरी आणले. त्या 'इंटरेस्टिंग'चा अर्थ मला परतताना रस्त्यात कळला. या वर्षी मला इंटरेस्टिंग व्हायचं नव्हतं. त्यांच्यासारखंच, त्यांच्याइतकंच नीट काहीतरी करायचं होतं. लायब्ररीत दर मंगळवारी पंच नीडलचा, म्हणजे सुईने कापडात लोकर टोचून चित्रं करण्याचा, क्लास चालायचा, तिथे मी शिकले, आणि कमिटीला सांगून टाकलं की बारा रॉबिन पक्षी करीन आणि स्टॉलच्या मागे टांगायला एक मोठं चित्रही करीन. बर्फातलं घर, धुराडं, दाराला हिरव्या पानांची गोल रीथ, एक खिडकी.

पहिल्या दिवशी मी कापड चौकटीत ताणून बसले तेव्हा आईंनी खुर्ची माझ्या बाजूला वळवली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अगं, उलट बाजूने का भोसकतेस?"

"काम मागून करायचं, आई. चित्र पुढून दिसतं."

पोकळ सुई, तिच्यातून ओवलेली लोकर, आणि टोचलं की पलीकडे उठणारा लोकरीचा छोटासा वेढा, सगळं त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"आणि गाठ कुठे मारतेस?"

"गाठ नसतेच. कापड घट्ट असतं, तेच लोकर धरून ठेवतं. एक टोक ओढलं तर सगळं निघून येईल."

"म्हणजे काही भरवसाच नाही की," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "दे बघू."

तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलेली बाई ती. दुसऱ्या दिवशी त्यांचे टाके माझ्यापेक्षा सरळ आले. बारापैकी नऊ रॉबिन त्यांनीच केले. पुढचे दोन आठवडे घर बदलून गेलं. मी कामावरून यायची तेव्हा टेबलावर लोकरीचा पसारा असायचा, चहा टाकलेला असायचा. त्या बोलू लागल्या. माझे टाके कुठे सैल पडलेत ते दाखवू लागल्या, नातीचं मराठी सुधारू लागल्या. दोन गल्ल्या सोडून शाळा, तो रस्ता शिकून तिला आणायलाही जाऊ लागल्या. नवरा एकदा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाला, "आई हसली आज."

फेअर शनिवारी होती. शुक्रवारी सकाळी मोठ्या चित्रात फक्त खिडकी उरली होती. कामावर निघताना मी आईंना म्हटलं, "तेवढी खिडकी भराल? पिवळी. आत दिवा लागल्यासारखी."

दुपारी आले तेव्हा घरात कोणी नव्हतं, आई नातीला आणायला गेल्या होत्या. चित्र सोफ्याला टेकवून ठेवलं होतं. खिडकी पिवळी होती, आणि त्या पिवळ्यात एक म्हातारा बसला होता. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर मरून माकडटोपी, एक हात कानामागे.

बाबांना ऐकू कमी यायचं. हिवाळ्यात ते असेच माकडटोपी घालून, कानामागे हात धरून रेडिओसमोर बसायचे. मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. हे मी स्पष्टच लिहिते, कारण पुढे मी स्वतःला बरंच काही सांगून बघितलं. घाईत नीट पाहिलं नाही, आकार वेडावाकडा होता, वगैरे. आकार अजिबात वेडावाकडा नव्हता.

पण त्या क्षणी मला दिसली ती कमिटीतली आई, मान तिरकी करून खिडकीजवळ वाकलेली. मी चित्र उलटवलं, टोपीच्या लोकरीचं टोक शोधलं आणि ओढलं. जराही अडकलं नाही. टोपी गेली, मग हात, मग सदरा. लोकर नागमोडी होऊन माझ्या मांडीवर गोळा होत गेली. मग मी तिथे भराभरा पिवळं भरलं. दारात किल्ली वाजली तेव्हा शेवटचे काही टाके राहिले होते, ते मी चित्र वर स्टडीत नेऊन पूर्ण केले. आईंनी खालून विचारलं, "बघितलंस का गं?" मी म्हटलं, "हो, छान झालंय."

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये स्टॉलच्या मागे ते चित्र टांगलं. कमिटीतली आई आली, दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "लव्हली. सो ख्रिसमसी." तेवढ्यात मुलगी आजीचा हात धरून आली. तिने खिडकीकडे बोट केलं.

"आई, आजोबा कुठे गेली?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"आजीने आजोबा केली होती. तिने मला सांगितला. लाल टोपी होता!"

आई चित्राकडे बघत राहिल्या. मग वाकून नातीला म्हणाल्या, "थंडी आहे ना बाळा. आतल्या खोलीत गेले असतील." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथे चहा मिळतो का गं कुठे?"

त्या दिवसानंतर त्यांनी सुई हातात घेतली नाही. तिच्यातली लोकर काढून, पुसून ती डब्यात ठेवून दिली. मी दोनतीनदा नवं कापड ताणून पुढे ठेवलं. "डोळे दुखतात गं," म्हणाल्या. खुर्ची पुन्हा रेडिएटरकडे वळली.

नवऱ्याला मुलीकडूनच कळलं. तो भांडला नाही. "विचारायचं तरी होतंस," म्हणाला.

"कोणाला?"

"कोणालाही," म्हणाला आणि वर निघून गेला. त्या ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही चौघं एका घरात होतो आणि 'मीठ दे', 'दार लाव' यापलीकडे फारसं बोलणं झालं नाही.

जानेवारीत एकदा मुलगी शाळेत असताना मी इस्त्री करता करता थांबले आणि म्हटलं, "आई, माझं चुकलं."

त्यांनी काय चुकलं ते विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "एक सांग. ते कोण आहेत ते तुला कळलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. माझं पाप जरा हलकं झालं असतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला खोटं बोलवेना. "हो," म्हटलं. "लगेच कळलं."

"मग बरं," त्या म्हणाल्या. त्यांचे खांदे खाली आले. "मला इतके दिवस वाटत होतं, मला ते जमलेच नाहीत. टोपीचा रंग चुकला असेल, हात आखूड झाला असेल. तुला कुणीतरी बुजगावणं वाटलं असेल, म्हणून काढलंस." मग म्हणाल्या, "म्हणजे ओळखून काढलंस."

मी मान हलवली. त्यांनी इस्त्रीच्या ढिगातला नातीचा फ्रॉक घेतला आणि घडी घालायला लागल्या.

मार्चमध्ये त्या ठरल्याप्रमाणे परत गेल्या. पुढे आम्ही तीनदा बोलावलं, पण गुडघ्यांना तिकडची थंडी सोसत नाही म्हणाल्या. दर रविवारी फोनवर माझ्याशी नीट बोलायच्या, भाजी काय केली विचारायच्या, नातीच्या मराठीवर हसायच्या. राग कधी जाणवला नाही. पण फोन उचलण्याआधी मला एकदा घसा साफ करावा लागायचा, आणि पलीकडून त्याही 'हॅलो' म्हणण्याआधी क्षणभर थांबायच्या.