कलत्या झाडाची मुळं

बोन्साय वर्षाला बोटभर वाढतं. त्याच्याभोवतीचे किस्से मात्र गाजरगवतासारखे! आमच्या वरठीच्या रविवारच्या बोन्साय-मंडळात माणसं मोजकी, पण किस्से उपटावे तितके उगवतात. सांगताना मी नेमका हसण्याच्या जागी अडखळतो, म्हणून लिहितोय. तरी धाकधूक आहेच.

मंडळाचा 'सर' मी. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट, आणि कात्री उचलली की कुठली फांदी कापायची तेच ठरत नाही!

* * *

माझी बोन्साय चिंच मुद्दामच उजवीकडे कलती वाढवलेली आहे. एका सकाळी पाहतो तर तिला बांबूच्या काडीचा टेकू! आदल्या दिवशी मंडळातले, करडी गावचे डोमाजी येऊन गेले होते. धानाचे शेतकरी, पडतं ते उभं करायची सवय.

मी त्यांना बराच वेळ समजावलं. झाड ज्या बाजूला कलतं, त्याच्या उलट बाजूला मुळं लांब, जाड, मातीवर दिसणारी हवीत. ती ताणून धरतात, म्हणून झाड पडेलसं वाटत नाही.

डोमाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं जी. पण काडी राहू द्या. झाडाले नाई तं तुमाले धीर राहील!"

* * *

मेश्राम स्टील प्लांटमधून रिटायर झालेले फिटर. पहिल्याच रविवारी त्यांनी खिशातून ओळंबा काढून चिंचेला लावला आणि ट्रेखाली विटेचा तुकडा सरकवला.

"घ्या सर, झाड सरळ!"

झाड सरळ, ट्रे तिरपा. पाणी घातलं ते सगळं माझ्या चपलेवर!

पुढे तेच कलत्या झाडांच्या नादी लागले. आज त्यांचा उंबर आमच्यात सर्वांत देखणा आहे.

* * *

चिंचेची कुंडी बदलायची होती. आधी ती ट्रेच्या मधोमध लावली. मग वाटलं, कलत्या बाजूला मोकळी जागा हवी, डावीकडे सरकवली. मग ती फारच डावीकडे वाटली. पुन्हा उपसली.

मेश्राम कळवळून म्हणाले, "सर, तिले एकदा बसू तं द्या! सकाळपासून उभी हाये बिचारी!"

* * *

मागच्या वर्षी मेश्रामांना लकवा झाला. चालू लागले, पण अंग उजवीकडे झुकलेलं. रविवारी येणं बंद झालं. मी घरी गेलो, तर म्हणाले, "लोकं पाहून राहतात ना सर." जन्मभर कलत्या झाडांवर बोलणारा मी, त्यांच्या उंबराला पाणी घालून परत आलो.

भंडाऱ्याच्या प्रदर्शनात त्यांचा उंबर आम्हीच नेऊन मांडला. ते येतील का, याचीच सगळ्यांना काळजी. दुपारी मेश्रामवहिनी त्यांना घेऊन आल्या, उजव्या बाजूने खांदा देत.

ग्रुप फोटो ठरला. फोटोग्राफरला बिचाऱ्याला काय माहीत!

"काका, थोडं सरळ उभे राहा ना!"



वहिनी मागून फिरून डाव्या बाजूला आल्या. मेश्रामांचा डावा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, पाय फाकवून रोवले.

"काढ आता, बाबू. असाच."

मेश्राम कललेलेच उभे राहिले, मान मात्र वर. आणि फोटो निघायच्या आत माझ्याकडे वळून म्हणाले,

"काहून सर, मुळं बरोबर बाजूले हायेत ना?"