गुडघे, वेखंड आणि माशांवरची बंदी

रस्त्यासाठी, विहिरीसाठी, शाळेच्या छपरासाठी मी पत्रकं लिहिली. कोणी जागचं हललं नाही. माशांसाठी मात्र आमची वाडी रस्त्यावर उतरली.

माझ्या काकीचे गुडघे धरले होते. मालवणच्या बाजारात चांगली मासळी हवी तर मासेवालीसमोर उकिडवं बसावं लागतं, कल्ला उघडून बघावा लागतो, नाक मुरडावं लागतं. उभ्याने भाव करणाऱ्याला कालचा माल मिळतो. काकीला बसता येईना, म्हणून काका जात आणि डोळे खोल गेलेले बांगडे ऐटीत घेऊन येत.

"ह्यो बांगडो काय माज्या लग्नात धरलेलो?" काकी विचारी. तिला एकच हवं होतं, पुन्हा स्वतः बाजारात जाऊन बसायचं.

वाडीत एक तात्या औषध देत. औषध म्हणजे वाळवलेलं वेखंड. सहाणेवर उगाळायचं, पळीत कोमट करायचं, गुडघ्याला थापायचं, वर एरंडाचं पान बांधायचं. हेच मूळ शेजारच्या कट्टा गावात दुकानात मिळतं. पण लोकांना ते तात्यांच्या हातचंच हवं, कारण तात्या सोबत पथ्य देत. लेप चालू तोवर मासे बंद. ओले बंद, सुके बंद, शेजारणीच्या कालवणाचा वाससुद्धा बंद.

मी विचारते, लेप गुडघ्याला आणि शिक्षा जिभेला, हा कुठला न्याय? परिणाम काय, तर अर्धी वाडी लंगडत होती आणि सुखाने सुरमई खात होती.

मी घरोघर फिरले. "वेखंड हवं, पथ्य नको!" ही घोषणा माझी. एका सकाळी दुखऱ्या गुडघ्यांचा मोर्चा तात्यांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात पोचला. उशिराच पोचला, कारण मोर्चेकरणी वाटेतल्या दर दगडी गडग्यावर टेकत होत्या. माझ्या खांद्यावर भार टाकून काकी सर्वांत पुढे.

तात्या सुपारी कातरत होते. "काय गो चेडवा, आज कोणाचा सरकार पाडूक इलंस?"

"तुमचं. पथ्य मागे घ्या."

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "बरां. घेतलंय मागे. खावा माशे."

मी मुद्दे पाठ करून गेले होते, एकही वापरायला मिळाला नाही. तरी वळून विजयाची घोषणा दिली. साथ कोणीच दिली नाही. काकी तात्यांकडे संशयाने बघत होती.

"तात्यानू, माशे खाल्ले तरी चलतला?"

"चलतला."

"बांगडो पण?"

"बांगडो खा, तिसऱ्यो खा."

"मगे ह्या औषध कसला?" काकी कडाडली. "पथ्य नाय त्या औषधाक गुण खंयचो? आमका काय फसवतास?"

"होय तर!" बायका म्हणाल्या, आणि मोर्चा तिथेच फुटला. वेखंड एकीनेही घेतलं नाही. जाताजाता एक मला सुनावून गेली, "बरा चाललेला औषध नासलंस मा गो!"

मी भडकले. घरी येऊन काकीला ठणकावलं, "कट्ट्याहून वेखंड मी आणते, उगाळतेही मीच. मुकाट्याने लाव."

"आणि पथ्य कोण घालतला?"

"मी घालते!" रागाच्या भरात तोंडून गेलं.

"मगे तात्यांपेक्षा कडक घाल."

मी मासे बंद केले. तिचं समाधान होईना. कांदा बंद केला. तिने नुसता हुंकार दिला. शेवटी वैतागून बटाटा बंद केला, तेव्हा तिचा चेहरा खुलला. "आता कसा औषध वाटता!"

रोज लेप, रोज एरंडाचं पान. काका चुलीपाशी पाठ फिरवून चोरट्यासारखे बांगडे खात. दिवस गेले, आणि एका सकाळी काकी पिशवी घेऊन निघाली. गुण वेखंडाचा की कोमट लेपाच्या शेकाचा, मला ठाऊक नाही. बटाट्याचा नव्हे, एवढं मी लिहून देते.

बाजारात ती मासेवालीसमोर हळूहळू, कण्हत, पण बसली. सुरमईचा कल्ला उघडला. नाक मुरडलं.

"काकी, बसाक लागलंस?" मासेवालीने विचारलं.

"बसतंय मा. ह्या चेडवान माजो बटाटो सोडवल्यान."

मासेवालीने पाय ताणला, आपला गुडघा चोळला आणि माझ्याकडे मोठ्या आशेने बघितलं. "बाय गो, माजो पण सोडव."