मिनिटभरात प्राण्यांची नावं

२००४ साली अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरला असताना माझी तीन वर्षांची मुलगी दिवसभर शेजारच्या मेक्सिकन आजीबाईंकडे असायची. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. मावशी हल्ली विसरतात, असं त्यांच्या लेकीनं मला सांगितलं. त्यांच्या भरवशावर तर मी ऑफिसला जात होते! नवरा म्हणाला, उगाच पॅनिक होऊ नकोस. त्याला काय, सकाळी गाडी काढली की हा सुटला.

मावशींच्या लेकीला सुट्टी मिळेना, म्हणून मेमरी टेस्टला मीच त्यांना घेऊन गेले. स्पॅनिश बोलणाऱ्या एका तरुण मुलीनं घड्याळ लावलं आणि मिनिटभरात सुचतील तेवढ्या प्राण्यांची नावं विचारली. मावशी म्हणाल्या, बकरी. आणि गप्प. बऱ्याच वेळानं, गाढव. पुन्हा गप्प. अहो, कुत्रं म्हणा, मांजर म्हणा, काहीही म्हणा, मी मनातल्या मनात ओरडत होते. यांच्या हवाली मी पोर केली होती?

मग दिसलं, की प्रत्येक नावानंतर त्या हसून त्या मुलीकडे बघत होत्या. भेंड्या! माझ्या लेकीशी त्या रोज असंच खेळायच्या, एक तू सांग, एक मी. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बाईला परीक्षा कशी देतात ते कोण सांगणार? समोरच्याला बोलू न देता आपणच बडबडत सुटणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. माझं टाळकंच सरकलं. त्या मुलीला मी चांगलं सुनावलं. मग तिनं नीट समजावून फळांची नावं विचारली. आंबा, पेरू, पपई, चिंच, मावशी धडाधड सांगत सुटल्या, थांबेचनात.

गाडीत मी नुसती हसत होते. म्हटलं, उद्या नेहमीसारखी सकाळी आणते पोरीला. मावशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या,

"नको आणूस, बाळा. शब्द आहेत माझ्याकडे. पण काल दुपारी ती झोपून उठली, आणि ही कुणाची मुलगी तेच मला कळेना. तिची आई न्यायला येईल म्हणून मी तिला बाहेर उभं केलं आणि दार लावलं."

जुलै महिना. दुपारी अंगणातल्या नळाला हात लावला तर भाजायचा.

किती वेळ, मी विचारलं. ते त्यांना आठवत नव्हतं.