दिवा कोणासाठी जळतोय?

दातारकाकांची आणि माझी पहिली ओळख अंधारात झाली. शिकायला परदेशी आल्यावर मी ट्रुगानिना या उपनगरातल्या त्यांच्या घरात भाड्याने खोली घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी मी बाथरूममध्ये तोंडाला साबण लावून उभी असताना दिवा गेला. बटण पॅसेजमध्ये होतं. बाहेरून खणखणीत आवाज आला, "दिवा कोणासाठी जळतोय?"

दुसरं कोणीही "मी आहे आत" असं ओरडलं असतं. मी चाचपडत नळ शोधला, तोंड धुतलं आणि काकांची पावलं लांब गेल्यावर बाहेर आले. ज्या खोलीतून आवाज येत नाही तिथे माणूस नाही, असा काकांचा साधा हिशोब होता. आणि माझा आवाज सहसा येत नसे. पुढचे काही महिने मी त्या घरात बरीचशी कामं अंधारात करायला शिकले.

काकांचं घरातून निघणं हा एक सोहळा होता. "येतो गं" म्हटल्यावर ते घरभर प्रदक्षिणा घालत. टोस्टर, किटली, टीव्ही, इस्त्री, जे दिसेल त्याचं बटण बंद. "या देशात प्रत्येक प्लगला बटण दिलंय, ते काय शोभेला?" असं ते म्हणत. पुण्याहून येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली होती, मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम होतं, पण हात मात्र बटण शोधत असायचा. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाला गेलो असताना त्यांनी निघताना यजमानांचाही दिवा बंद केला. यजमान तिथेच बसले होते.

अशा माणसाच्या घरात एक सरडा कसा आला, ते सांगते.

महाराष्ट्र मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी काकांना एका हॉलचं स्टेज मोजायचं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं होतं. टोक धरून गप्प उभं राहणं मला जमण्यासारखं होतं, म्हणून मी गेले. पण त्या रविवारी हॉलमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. शाळकरी पोरं गळ्यात अजगर घालून फोटो काढत होती. टेबलांवर श्रीखंडाच्या डब्यांसारखे पारदर्शक डबे मांडलेले, आणि प्रत्येक डब्यात बोटाएवढं एक पिल्लू.

"आलोच आहोत तर एक चक्कर मारू," काका म्हणाले.

एका डब्यातल्या पिल्लाने पुढचा एक पाय उचलला आणि हवेत सावकाश गोल फिरवला. काका जागच्या जागी थांबले. मग त्यांनीही हात हलवला.

"बघ, बघ! ओळख दाखवतोय!"

टेबलामागे दंडभर टॅटू असलेली बाई होती. ती हसून म्हणाली, "ओळख नाही, मेट. तो सांगतोय, मी लहान आहे, मला काही करू नका."

मी त्या पिल्लाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"दोन घेतले तर?" काकांनी विचारलं.

"एका टाकीत एकच. दोन ठेवलेत तर एकमेकांची बोटं खातील."

"अरे वा, म्हणजे आमची कमिटीच की!" हे काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. बाईने बजावून सांगितलं, की दिवसभर तापणारा दिवा डोक्यावर हवा. ऊब नसेल तर याला खाल्लेलं पचत नाही, भूकच लागत नाही, आणि एवढंसं पिल्लू फार दिवस उपाशी तग धरत नाही. रात्री मात्र दिवा बंद. काका मान डोलावत होते. सरडा पाळायच्या लायसन्सचे सोपस्कार करून आम्ही डबा, काचेची टाकी आणि तिच्यावरचा दिवा घेऊन घरी आलो. स्टेज मोजायचं राहिलंच.

दार उघडून काकूंनी डब्यात पाहिलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"अहो, पाल?"

"पाल नाही, सरडा. दाढीवाला. मोठा झाला की दाढी फुगवतो."

"पाल अंगावर पडली तर डोक्यावरून आंघोळ करतात माणसं. आणि तुम्ही विकत आणलीत?"

"ही पडणार कुठून? टाकीत आहे. नाव ठेवलंय, आबासाहेब."

"माझ्या सासऱ्यांना आबा म्हणायचे!"

"म्हणूनच," काका शांतपणे म्हणाले. "जेवायला वेळ झाला की आमचे आबा असेच बघायचे."

अडचण वेगळीच निघाली. पालेभाजी आबासाहेबांना चाले, पण या वयात पोट भरायला जिवंत रातकिडे लागत. या घरात अंडंसुद्धा येत नसे. काकूंनी रातकिड्यांच्या खोक्याला कपडे धुण्याच्या खोलीत जागा दिली आणि त्या त्यांचा उल्लेख फक्त "ते" असा करायच्या. पण "ते" उपाशी राहू नयेत म्हणून रोज गाजर किसून घालायच्या, वर कोथिंबीर. काका चिमट्यात एकेक रातकिडा धरत, डोळे मिटत, काहीतरी पुटपुटत, आणि चिमटा टाकीत सोडत. डोळे मिटल्यामुळे नेम चुके. मग सुटलेला रातकिडा सोफ्याखाली गायला लागला की काकू म्हणत, "गाजराची ताकद आहे ती."

पहिले काही आठवडे काका घरूनच काम करत होते. आबासाहेब बाळसं धरू लागले. मग ऑफिसने सगळ्यांना रोज परत बोलावलं, इकडची मे-जूनमधली थंडी पडायला लागली, आणि आबासाहेबांनी खाणं सोडलं. रंग काळवंडला, डोळे मिटलेले, नाकासमोरून रातकिडा गेला तरी ढिम्म. गंमत म्हणजे शनिवार-रविवारी ते ताजेतवाने होत, दोन घास खात, आणि सोमवारी परत काळे पडत.

"याला सोमवारचा त्रास आहे," काका म्हणाले. "आमच्या ऑफिसात सगळ्यांना आहे." पण हे म्हणताना ते हसले नाहीत. ते भोपळा किसत होते. तोही आबासाहेबांनी खाल्ला नाही. त्या आठवड्यात काकांनी टाकीशेजारी खुर्ची आणून ठेवली आणि रात्रीचं ताट मांडीवर घेऊन तिथेच बसायला लागले, समोरच्याने जेवावं म्हणून स्वतः जेवून दाखवतात तसं.

आणि टाकी ठेवलेल्या ज्या खोलीत पाय न टाकण्याची काकूंनी प्रतिज्ञा केली होती, तिथे त्या एके संध्याकाळी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन गेल्या. "मंडळातल्या बायका येऊन बघून गेल्यात. दृष्टच लागली असणार," म्हणत त्यांनी आबासाहेबांवरून मूठ ओवाळली. मिरच्या तव्यावर पडल्या मात्र, छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. शेजारचे पंजाबी आजोबा धावत आले, "सब ठीक है जी?" आम्ही तिघं खोकत होतो. आबासाहेबांनी एक डोळा उघडला आणि मिटला.

"एक डोळा उघडला!" काकू म्हणाल्या. "गुण येतोय."

गुण आला नाही. काकांनी शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेतली. गुरुवारी सकाळी माझी परीक्षेची सुट्टी होती. मी त्या खोलीच्या कोपऱ्यात टेबलाशी वाचत बसले होते, नेहमीसारखी, आवाज न करता. काका आले. त्यांनी टाकीवरचा दिवा लावला, काचेवर बोट टेकवून म्हणाले, "आबा, आजचा दिवस काढा. उद्या डॉक्टरांकडे जाऊ." मग बॅग खांद्याला लावली, रिकाम्या घरालाच "येतो गं" म्हणाले आणि प्रदक्षिणा सुरू झाली. टीव्ही, हीटर, चार्जर. जाता जाता हात टाकीमागे गेला.

"दिवा कोणासाठी जळतोय?" ते सवयीने, स्वतःशीच म्हणाले. खटका पडला.

काकू सकाळी लवकर कामाला जात आणि त्या खोलीत येत नसत. मी युनिव्हर्सिटीतून उशिरा यायचे. काका येत तेव्हा बाहेर अंधार पडलेला, म्हणजे दिवा बंद असायलाच हवा. सगळं मला एकदम कळलं.

"आबांसाठी!" मी ओरडले.

माझा तो आवाज मी स्वतःच प्रथम ऐकत होते. काका दचकून वळले. "तू? तू कधीपासून आहेस इथे?"

"मी आहे, काका. आणि आबाही आहेत. दिवा आबांसाठी जळतोय. तुम्ही रोज बंद करून जाता."

"शक्य नाही. मी रोज सकाळी आठवणीने लावतो."

"लावता. आणि निघताना बंद करता. आत्ता केलात."

काकांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे, दुसऱ्या कोणाचा असावा तसं. आयुष्यभर लोकांच्या चुका शोधून पगार घेणारा तो माणूस खुर्चीत बसला. "अगं, मीच मारत होतो की त्याला," ते म्हणाले. मग दिवा लावून ते तिथेच बसून राहिले. ऑफिसला गेले नाहीत. दुपारी आबासाहेबांचा रंग उतरला, म्हणजे पिवळट, चांगला झाला. संध्याकाळी त्यांनी एक रातकिडा खाल्ला. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी तपासून सांगितलं, अशीच ऊब ठेवा.

त्या बटणावर काकूंनी चिकटपट्टी लावली आणि वर पेनने लिहिलं, "आबा आहेत." बाथरूमच्या बटणाला मात्र पट्टी लागली नाही. काका आता त्यापुढे थांबून विचारत, "आहेस का गं आत?" आणि मला "आहे!" म्हणून ओरडावं लागे. काही दिवसांनी ते सोपं झालं.

वर्षभराने मला देशाच्या उत्तर टोकाला, डार्विनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली. निघताना काका माझ्या खोलीत जाऊन सगळी बटणं तपासून आले.

डार्विनला उकाडा फार. संध्याकाळी व्हरांड्यातला दिवा लावला की किडे जमतात आणि त्यांच्यामागे भिंतीवर पाली येतात, आपल्याकडच्यासारख्याच चुकचुकणाऱ्या. परवा व्हिडिओ कॉलवर काका मंडळाच्या भांडणाबद्दल सांगत होते. मागे आबासाहेब फुगलेली दाढी घेऊन बसले होते. बोलता बोलता काका थांबले आणि माझ्यामागच्या खिडकीतला उजेड बघत स्क्रीनजवळ आले.

"तू आत आहेस. मग बाहेर दिवा कोणासाठी जळतोय?"

"पालींसाठी, काका. त्यांची जेवायची वेळ आहे."

काकांचा हात वर आलेला मला दिसला. मग तो खाली गेला.

"मग असू दे," ते म्हणाले.