उंबऱ्यात राहिलेलं मागणं

आमच्या घरातून कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की आधी गाऱ्हाणं, मग चपला. घरातला मोठा पुरुष नारळ हातात घेऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहतो, गावच्या देवाला हाक मारतो आणि एकेक मागणं मागतो. प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय महाराजा." सगळं मागून झालं की नारळ फोडायचा. सासूबाई सांगायच्या, ज्या मागण्याला घरातल्या सगळ्यांचा होकार नाही ते मागणं उंबऱ्यातच राहतं, देवापर्यंत पोचत नाही. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, देवाला एवढ्यांची संमती कशाला लागते? पण नवरा जहाजावर, तोही इंजिनात. सहा-आठ महिने समुद्रावर, आणि मी संध्याकाळची उंबऱ्यात बसून तांदूळ निवडतेय. हे निघाले की सासरे गाऱ्हाणं घालायचे आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. हा माणूस अख्खी दुनिया फिरला आणि दर वेळी धड परत आला. त्यामुळे माझा या रीतीवर विश्वास आहे. कुणाला हसायचं तर हसू दे.

मुलगा एकच. त्याला जहाजावर जाऊ द्यायचं नाही हे मी तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. म्हणून त्याला दापोलीला शेतीचं शिकायला पाठवला. गावाकडे आंब्याची चार कलमं आहेत, ती बघेल, डोळ्यांसमोर राहील. तिथे त्याला स्वामींच्या एका मिशनची माणसं भेटली. पदवी घेऊन आला तो मासे सोडून. आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, खिडकी उघडली की बंदर घरात येतं, आणि माझा मुलगा पानावर कुळथाची पिठी नि भात घेऊन बसलाय. मी डोक्याला हात लावला. हे म्हणाले, "दारू पीत नाय, कुणाशी भांडत नाय, देवाचं नाव घेतो. असू दे की."

असू दिलं. पुढे तो मिशनच्या मुख्य मठात राहायला गेला, पांढरे कपडे घालायला लागला. तेही असू दिलं, कारण एसटीनं सणावाराला यायचा. मग एकदा आला तो माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "आई, मला पोलंडला पाठवतायत." तिथल्या एका लहान गावात मिशनचं केंद्र होतं. म्हणजे काय, तर एका इमारतीतली तीन खोल्यांची जागा आणि एक म्हातारे स्वामी. त्यांना हाताखाली तरुण माणूस हवा होता, प्रार्थना सांगायला, ध्यान शिकवायला आणि स्वयंपाक करायला. मी विचारलं, "कायमचा?" तर म्हणे, कायमचं असं आमच्यात काही नसतं. या उत्तराचा अर्थ आईला बरोबर कळतो.

निघायच्या दिवशी ह्यांनी नारळ धरला. सासरे गेल्यापासून गाऱ्हाणं ह्यांच्याकडे. "बा देवा महाराजा, लेकरू परमुलखात निघालंय, त्याची राखण कर." व्हय महाराजा. "वाटेत काय आडीअडचण असेल ती दूर कर." व्हय महाराजा. "काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घे." व्हय महाराजा. "आणि तिकडं त्याचा पाय रोवू दे."

मी गप्प.

ह्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मी देव्हाऱ्यातल्या समईकडे बघत उभी राहिले. शेवटी मुलगाच म्हणाला, "राहू दे बाबा," आणि माझ्या पाया पडला. गाऱ्हाणं अर्धं राहिलं म्हणून नारळ फोडला नाही. ह्यांनी तो तसाच देव्हाऱ्यात ठेवला आणि बॅग उचलली.

माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नवऱ्याच्या जाण्याला मी व्हय म्हणत आले ते तो परत यावा म्हणून. पाय रोवू दे म्हणजे येऊ नको. हे माझ्या तोंडून कसं निघणार?

तो पोचला. फोन यायचा तो आमच्या दिवाबत्तीच्या वेळेला, तेव्हा त्याचं दुपारचं जेवण झालेलं असायचं. स्क्रीनवर त्याचं तोंड दिसलं की मी आधी गाल बघायचे. कानटोपी घालून बसलेला, नाक लाल. तिकडे चार वाजताच अंधार पडतो म्हणे. भाजी बटाटा, कोबी आणि बीट, मग पुन्हा बटाटा. बसमध्ये शेजारच्या माणसाला त्यानं नवीन शिकलेल्या भाषेत विचारलं, कुठे निघालात, तर तो माणूस उठून मागे जाऊन बसला. आता आपल्या एसटीत कुणी हे विचारलं नाही तर आपल्याला वाटतं, काय माणूस आहे. हा मात्र दिवसभर विचार करत बसला, आपलं काय चुकलं. मी दिलेल्या कुळथाच्या पिठाची त्यानं एकदा पिठी केली. स्वामींनी निमूटपणे वाटीभर प्यायली आणि मग विचारलं, हे औषध कशावरचं? ते सांगताना तो हसला, पण हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

ध्यानाला माणसं यायची ती दोन, कधी एक. कधी कुणीच नाही. तेव्हा तो आणि स्वामी रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रार्थना म्हणायचे.

एकदा म्हणाला, "आई, बोलू नको, फोन नुसता खिडकीत धर." मी धरला. बंदरातून लाँच निघत होत्या, इंजिनांची धडधड, बर्फाच्या गाडीचा हॉर्न, कोळणींची भांडणं. तो ऐकत राहिला. माझा हात भरून आला तरी मी फोन खाली घेतला नाही. किती आठवण यायची म्हणून सांगू? भाताला बसले की पहिला घास हातातच राहायचा. मासे न खाणारा मुलगा, त्याच्यासाठी बाजूला वेगळी फोडणी करायचा मला केवढा कंटाळा यायचा, आणि आता ती छोटी कढई बघवायची नाही.

फोन झाला की हे नुसते देव्हाऱ्यातल्या नारळाकडे बघायचे.

"काय बघताय?" मी एकदा विचारलंच. "तिकडे बर्फ पडतो तो काय माझ्यामुळे?"

"मी कुठं काय बोललो?"

"तुम्ही न बोलता बोलताय."

ते उठून पेपर वाचायला गेले. रोज सकाळी मात्र पूजा झाली की नारळ कानाशी धरून हलवायचे, पाणी आहे ना बघायला, आणि परत ठेवून द्यायचे.

मग एक दिवस मुलानं सांगितलं, स्वामींनी त्याला जवळ बसवून विचारलंय. म्हणाले, महिनाअखेरीला मनातलं खरं ते सांग; जमत नसेल तर परत जा, त्यात कमीपणा नाही. मला त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. मुलगा म्हणाला, "काय करू कळत नाय." मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्याची गादी गच्चीवर उन्हात घातली. कुळीथ भाजून दळून आणले. ह्यांनी गादी बघितली, उलटी करून दुसऱ्या बाजूनं ऊन लावलं. वाट तेही बघत होते.

आता वाटीची गोष्ट. आपल्याकडे शेजाऱ्याची वाटी कुणी रिकामी परत करत नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामी नाही. आमच्या पोरानं पोलंडमध्ये काय करावं? पौर्णिमेच्या प्रार्थनेचा शिरा केला आणि न सांगता न विचारता समोरच्या घराची बेल वाजवली. एक म्हातारी एकटी राहायची तिथे. तिनं साखळी न काढता फटीतून बघितलं, वाटी घेतली, दार लावलं. संध्याकाळी वाटी केंद्राच्या दारासमोर जमिनीवर. घासून, पुसून, लख्ख. आणि रिकामी.

"आई," तो म्हणाला, "वाटी रिकामी आली." आणि तोंड बाजूला करून बाहीनं डोळे पुसले.

थंडीनं, अंधारानं, बिटानं जे झालं नाही ते त्या वाटीनं झालं. दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं, मला नाही आलं. मला पोटातून कळलं, त्याला काय झालंय ते. आणि हेही कळलं की हीच वेळ आहे. मी एवढंच म्हणायचं होतं, "ये बाळा परत." तो आला असता. शब्द जिभेवर होते.

आणि तोंडातून निघालं काय? "रिकामी आली, पण धुऊन आली ना? मग भर आणि पुन्हा दे. तिला बिचारीला आपली रीत कुठून ठाऊक? तू शिकव. शिकवायलाच गेलायस ना, मेल्या?"

तो हसला. तिकडे गेल्यापासून पहिल्यांदा मोकळा हसला. मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. माझी जीभ अशीच आहे. तिनं माझा आयुष्यभर घात केलाय.

मग काय, खीर गेली, खिचडी गेली, पुन्हा शिरा गेला. वाटी लख्ख होऊन रिकामी परत. मी आपली रोज विचारतेय, "आली का वाटी?" काय मागत होते देव जाणे. ती रिकामीच यावी, म्हणजे हा परत येईल, असं मनात आणायचे, आणि रिकामी आली म्हटलं की त्या म्हातारीचा राग यायचा.

एका दुपारी अवेळी फोन आला. मी बांगडे साफ करत बसले होते, हात भरलेले, म्हणून ह्यांनी फोन माझ्यासमोर धरला. मुलानं वाटी स्क्रीनला लावली. आत काहीतरी गडद, चकचकीत. आलुबुखाराचा मुरंबा, घरी केलेला. "भरून आली," तो म्हणाला. म्हातारी स्वतः घेऊन आली होती, अर्धा तास खुर्चीवर बसली आणि जाताना सांगून गेली की शिऱ्यात साखर फार घालतोस.

"खरं आहे," मी म्हटलं. "गोडाला तुझा हात मोकळाच आहे."

बोलले, आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं. हे तोंड मला ठाऊक होतं. शाळेतून बक्षीस घेऊन यायचा तेव्हाचं. तो आता येत नाही, हे मला त्याच्या आधी कळलं. बांगडे तसेच टाकून मी मोरीत जाऊन हात धूत राहिले.

महिनाअखेरीला त्यानं दिवाबत्तीलाच फोन केला. "आई, मी राहतोय. स्वामींना सांगितलं." मी हं म्हटलं. मग तो म्हणाला, "बाबा, तो नारळ आहे?"

"आहे," हे म्हणाले. "पाणी आहे अजून."

"मग राहिलेलं पुरं करूया. नारळ तुम्ही धरा, मागणं मी घालतो. पण आई म्हणणार असेल तरच. नाहीतर नको." मग म्हणाला, "आई, राहणार मी आहेच. पण तुझं व्हय नसेल तर माझं पाऊल उंबऱ्यातच अडकलेलं राहील गो."

ह्यांनी फोन समईला टेकवून ठेवला आणि नारळ घेतला. तिकडून तो हात जोडून उभा. "बा देवा महाराजा, तुझ्या लेकराचा इथं पाय रोवू दे."

दोघेही माझ्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर उन्हातली गादी आली, डब्यातलं पीठ आलं. वाटलं, तेव्हा गप्प राहिले तशी आत्ताही राहीन, कोण काय करणार आहे? पण रिकाम्या वाटीनं डोळे पुसणारं पोर मी बघितलं होतं आणि भरलेल्या वाटीनं फुललेलंही बघितलं होतं. त्यातलं कुठलं मागायचं ते मलाच ठरवायचं होतं.

"व्हय महाराजा," मी म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की खालच्या घरातल्या वहिनी आमच्या दारात येऊन बघायला लागल्या. मी रडत होते हे त्यांनी बघितलं, मुलानं बघितलं, मी लपवलं नाही.

त्यानं पुढचं मागणं घातलं. "इथल्या माणसांना माझा आणि मला त्यांचा लळा लागू दे." व्हय महाराजा. "स्वामींची तब्येत राख." व्हय महाराजा. "तिकडे बाबांचे गुडघे सांभाळ." व्हय महाराजा. हे स्वतःच्या गुडघ्यांनाही व्हय म्हणाले.

"आणि देवा महाराजा," तो म्हणाला, "माझ्या आईला माझी फार आठवण येऊ देऊ नको."

"व्हय महाराजा," हे म्हणाले.

मी गप्प.

"आई?"

"ते नाय म्हणणार," मी म्हटलं. "राहा म्हटलं ना? पाय रोव म्हटलं ना? आठवण माझी आहे. ती मी देवाला देणार नाय."

तो तोंडावर हात धरून उभा राहिला. ह्यांना काय करावं कळेना, नारळ तसाच हातात. गाऱ्हाणं पुन्हा अर्धं राहिलं होतं.

"फोडा," मी म्हटलं. "एक मागणं उंबऱ्यात राहिलं तर राहू दे. तिथे मी असतेच बसलेली."